गणितात क-१ आहे, मग पाचवीची वार्षिक परीक्षा पास होणार का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळेत पाचवीत शिकते. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात गणितात क-१ आहे आणि बाकी विषयांत ब-१, ब-२. पालकसभेत सांगितलं गेलं की वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ५० पैकी १८ गुण मिळाले नाहीत तर पुनर्परीक्षा द्यावी लागेल. चौथीपर्यंत कुणी पास-नापासाचं नाव काढलं नव्हतं. म्हणून पालक विचारतात की क-१ म्हणजे बरं की वाईट, आणि या श्रेणीवरून १८ गुणांचा अंदाज कसा बांधायचा.

नुसत्या क-१ वरून अंदाज बांधता येत नाही. एकाच वर्गातल्या क-१ च्या दोन मुलांपैकी एक आरामात पास होईल आणि दुसरं नापास होईल, असं सहज घडू शकतं. ती श्रेणी ज्या दोन आकड्यांच्या बेरजेतून आली, ते आकडे शाळेतून मागून घ्या. एवढं केलं की बहुतेक गोंधळ मिटतो. ते आकडे कुठले आणि कसे वाचायचे, हे पुढे सविस्तर.

पहिली ते आठवीसाठी आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. भाषा, गणित, परिसर अभ्यास, विज्ञान, सामाजिक शास्त्रं यांसारख्या विषयांना प्रत्येक सत्रात १०० गुण असतात आणि ते दोन वाटांनी येतात. पहिली वाट आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे सत्रभर चालणारं. त्यासाठी शिक्षकांना आठ साधनं दिलेली आहेत. त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय-वर्गकार्य हे सगळं येतं, आणि आठवं ‘इतर’. प्रत्येक विषयाला आठही वापरायची सक्ती नाही. दुसरी वाट संकलित मूल्यमापनाची. घरी आपण जिला सत्रपरीक्षा म्हणतो ती हीच, आणि तिच्यात थोडे गुण तोंडी वा प्रात्यक्षिकाचे व बाकीचे लेखी असतात.

या दोन वाटांचा वाटा इयत्तेनुसार बदलतो, आणि पालकांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला ५० आणि ५०. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. संकलितमधले १० गुण तोंडी-प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणजे पाचवीला लेखी ४० उरतात आणि आठवीला ५०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं सगळंच मूल्यमापन आकारिक असतं, त्यांचा लेखी पेपर नसतो.

दोन्ही मिळून १०० पैकी जे गुण होतात त्यांची श्रेणी अशी लागते: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० पर्यंत इ-२. प्रगतिपत्रकावर छापली जाते ती ही श्रेणी. गुण शिक्षकांच्या नोंदपत्रकात असतात.

आता नवं काय आलं ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुण (तोंडी-प्रात्यक्षिक १०, लेखी ४०), आठवीला ६० गुण (तोंडी-प्रात्यक्षिक १०, लेखी ५०). उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. ५० चे ३५ टक्के साडेसतरा होतात, म्हणून १८. ६० चे नेमके २१ होतात.

हे ५० आणि ६० ओळखीचे वाटतील, कारण संकलित मूल्यमापनाचे गुण आधीपासून तेवढेच होते. दुसऱ्या सत्राच्या संकलितच्या जागी वार्षिक परीक्षा आली. पेपरचा आकार जवळपास तोच राहिला. बदल इतकाच, पण मोठा, की पूर्वी संकलितमध्ये कमी पडलं तरी आकारिकचे गुण सावरून घ्यायचे. आता वार्षिक परीक्षेचे गुण एकटेच मोजले जातात. वर्षभराच्या प्रकल्पांचं आणि स्वाध्यायांचं पाठबळ त्या १८ मध्ये धरलं जात नाही.

पाचवीच्या गणितातली दोन मुलं घ्या, दोघांनाही क-१.

पहिल्याचे आकारिक ४१, तोंडी ८, लेखी ४० पैकी ८. एकूण ५७.

दुसऱ्याचे आकारिक २८, तोंडी ६, लेखी २२. एकूण ५६.

प्रगतिपत्रकावर दोघं शेजारी-शेजारी, आणि पहिला तर एका गुणाने पुढेच. पण संकलितचे गुण वेगळे काढले तर पहिल्याचे १६ आहेत, दुसऱ्याचे २८. एप्रिलमध्ये दोघांनी जसंच्या तसं लिहिलं तर पहिला १८ च्या रेघेखाली आणि दुसरा निर्धास्त. पहिल्याच्या घरी क-१ पाहून कुणालाही काळजी वाटली नसेल, आणि दुसऱ्याच्या घरी कदाचित ओरडा पडला असेल.

शाळेकडून आकडे मिळायला वेळ लागत असेल तर तोवर घरच्या घरी एक हिशेब करता येतो. आकारिकचे सगळेच्या सगळे गुण मिळाले असं धरा आणि श्रेणीच्या खालच्या टोकातून ते वजा करा. पाचवीला ब-१ चं खालचं टोक ७१. त्यातून ५० गेले की २१ राहतात. म्हणजे ज्या विषयात ब-१ किंवा त्याहून वरची श्रेणी आहे, तिथे संकलितमध्ये किमान २१ नक्की आहेत. ब-२ ला मात्र ही खात्री नाही, कारण ५० अधिक १७ म्हणजे ६७, आणि ६७ ला ब-२ च लागते. आकारिकमध्ये कुणाला पूर्ण ५० क्वचितच मिळतात हे खरं, पण ४५-४६ मिळणारी मुलं पुष्कळ असतात. त्यामुळे पाचवीला ब-२ आणि त्याखालच्या प्रत्येक विषयाचे आकडे विचाराच. आठवीला आकारिक फक्त ४० असल्यामुळे चित्र थोडं स्पष्ट असतं: ब-२ चं खालचं टोक ६१, वजा ४०, म्हणजे २१, बरोबर उत्तीर्णतेची रेघ. तिथे क-१ पासून खाली चौकशी करावी.

ड श्रेणीत आणखी एक मेख आहे. ती ३३ ला सुरू होते, परीक्षेची रेघ ३५ टक्क्यांवर आहे. ‘ड आहे म्हणजे काठावर का होईना पास’ हा जुना हिशेब पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेला लागू नाही.

आकारिकचे गुण एवढे वर का असतात, असं विचारलं जातं आणि लगेच शिक्षकांवर बोट ठेवलं जातं. त्यात तथ्य थोडंच. आकारिकचा हेतूच मुळी मूल काय काय करू शकतं ते टिपण्याचा आहे. मुलाने वर्गात उत्तर दिलं, गटात काम केलं, वही पूर्ण केली, तर गुण मिळायलाच हवेत. बिघडतं ते दुसरीकडे. प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला चित्रांचा तक्ता आणि आईच्या अक्षरातलं लेखन, स्वाध्याय म्हणजे मार्गदर्शिकेतून किंवा मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेली उत्तरं, असं झालं की ते गुण मुलाचे राहत नाहीत. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक प्रकल्प कुणाच्या हातचा, हे शोधत बसता येत नाही. तेव्हा आकारिक आणि संकलित यांच्या टक्क्यांत २५-३० चा फरक दिसला, तर घरून होणारी कामं कोण करतंय हे आधी घरातच तपासा.

उलटंही घडतं. आकारिक २४ आणि संकलित ४१, एकूण ६५, ब-२. हे मूल पेपर छान लिहितं, पण वही अपूर्ण ठेवतं, सारखं गैरहजर राहतं किंवा वर्गात तोंड उघडत नाही. वार्षिक परीक्षेची त्याला धास्ती नाही. त्याला क्लास लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. वर्गशिक्षकांशी बोलून तो गप्प का असतो ते पाहिलेलं बरं.

‘चौथीत ब-२ होती, पाचवीत क-१ झाली, मूल मागे पडलं’ ही तक्रार तर दर वर्षी ठरलेली. समजा एखादं मूल आकारिकमध्ये कायम ८० टक्के आणि संकलितमध्ये कायम ४० टक्के मिळवतं. चौथीत ६० चे ८० टक्के ४८ आणि ४० चे ४० टक्के १६, मिळून ६४, म्हणजे ब-२. पाचवीत ४० अधिक २०, म्हणजे ६०, क-१. सातवीत ३२ अधिक २४, म्हणजे ५६. मूल जागचं हललेलं नाही, फक्त वाटे बदलले. चौथीतून पाचवीत आणि सहावीतून सातवीत जाताना एवढीशी घसरण या कारणाने होऊ शकते. मात्र सहावीत किंवा आठवीत, जिथे वाटे आदल्या वर्षाचेच असतात, तिथे श्रेणी उतरली तर ती गांभीर्याने घ्या.

श्रेणीच्या कडांचंही तसंच. ६० ला क-१ आणि ६१ ला ब-२, म्हणजे एका गुणाने श्रेणी बदलते. आणि ६१ वरून ७० वर गेलेल्या मुलीची श्रेणी तीच राहते. शेजारच्या शाळेतल्या मुलाशी श्रेणीची तुलना करण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण आकारिकची कामं आणि ती तपासण्याची सवय प्रत्येक शाळेत वेगळी असते.

प्रगतिपत्रकात श्रेणीच्या शेजारी वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. बहुतेक पालक पहिल्या दोन वाचून खूश होतात. तिसरी वाचा. तिथे ‘शाब्दिक उदाहरणे सोडवताना मदत लागते’ असं लिहिलेलं असेल, तर सगळ्या पानावर कामाची ओळ तीच. ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ असं मोघम असेल, तर शिक्षकांना विचारा की नेमकं कुठल्या घटकात.

आता शाळेत जाऊन काय मागायचं ते सांगतो. पालकसभेच्या गर्दीत हे होत नाही, वेगळी वेळ घ्या. ब-२ किंवा त्याखालच्या प्रत्येक विषयाचे तीन आकडे लिहून घ्या: आकारिक, संकलितमधलं तोंडी, संकलितमधलं लेखी. मग लेखी पेपर पाहायला मागा. दहा मिनिटं पेपर चाळला की महिन्याच्या चर्चेपेक्षा जास्त कळतं. कोरे सोडलेले प्रश्न किती, अर्धवट किती आणि पूर्ण लिहून चुकलेले किती, असे तीन ढीग मनात करा, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कोरे प्रश्न पेपरच्या शेवटी एकगठ्ठा असतील तर अडचण वेगाची असते. घरी घड्याळ लावून एका बैठकीत पूर्ण पेपर लिहून घ्यायचा सराव हवा, आठवड्याला एक पुरे. कोरे प्रश्न मधेमधे विखुरलेले असतील तर ते घटकच कच्चे आहेत. पाचवीच्या गणितात ते बहुधा भागाकार, अपूर्णांक आणि शाब्दिक उदाहरणं हेच निघतात. भागाकार अडतो त्याचं मूळ पुष्कळदा पाढ्यांत असतं, आणि अपूर्णांकांची बेरीज अडते ती छेद समान करता येत नाही म्हणून. त्या मुळाशी न जाता पाचवीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं, तर एप्रिलपर्यंत तिसऱ्या धड्यापलीकडे गाडी जात नाही.

शाब्दिक उदाहरण चुकलं असेल तर एक सोपी परीक्षा घ्या. तेच उदाहरण मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना ती अडखळली, आणि तुम्ही वाचून दाखवल्यावर तिने पटकन सोडवलं, तर प्रश्न गणिताचा नाही, वाचनाचा आहे. मग गणिताचा क्लास लावून उपयोग नाही. रोज पंधरा मिनिटं प्रकट वाचन आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगणं, हे दोन महिन्यांत जास्त फळ देतं. घरची भाषा मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशा घरांत तर हे हमखास तपासा. तिथे परिसर अभ्यासातही हीच अडचण निघते: उत्तर तोंडी मराठीत येतं, कागदावर उतरत नाही.

तोंडी-प्रात्यक्षिकाचे १० गुण हलके समजू नका. पाचवीला १८ गाठायचे तर तोंडी ७ मिळाल्यावर लेखीत ४० पैकी ११ पुरतात; तोंडीला गैरहजर राहिलं तर लेखीत १८ लागतात. आठवीला तोंडी ७ असतील तर लेखीत ५० पैकी १४, नाहीतर २१. तोंडी परीक्षा बहुधा लेखीच्या आधी वर्गातच उरकली जाते, तिचं वेळापत्रक ठळक छापलेलं नसतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या लग्नासाठी मुलाची सुट्टी काढली जाते. तोंडीचे दिवस वर्गशिक्षकांना मार्चमध्येच विचारून ठेवा.

आकडे पाहून कळेल की रेघ फार उंच नाही. लेखीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास गुणांवर मूल पार होतं. म्हणून १८ हे ध्येय ठेवू नका. पहिल्या सत्रात लेखीत ४० पैकी १६ च्या आत असलेल्या मुलासाठी दुसऱ्या सत्रात २० हे लक्ष्य ठेवा. परीक्षेच्या दिवशी ताप आला, एखादा प्रश्न वाकडा आला, तरी मूल तरतं. आणि आठवीच्या पालकांनी तर पुढचा विचार करायलाच हवा, कारण नववी-दहावीला आकारिकचा आधार उरत नाही. दहावीला मराठी, सामाजिक शास्त्रं यांना लेखी ८० आणि अंतर्गत २०, गणित आणि विज्ञानाला ४०-४० चे दोन पेपर आणि अंतर्गत २०. आठवीत २१ वर निघालेलं मूल तिथे पहिल्याच घटक चाचणीला गडबडतं.

शाळेच्या पालकगटावर परीक्षांची नावं इतकी येतात की पालकांचा गोंधळ होणं साहजिक आहे. पायाभूत चाचणी आणि राज्यस्तरावरून येणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी एवढ्यांच्याच असतात. मुलं कुठे कमी पडतात हे शाळेला आणि राज्याला कळावं हा त्यांचा मुख्य उपयोग, आणि पायाभूत चाचणीत कमी गुण पडले म्हणून कुणी नापास होत नाही. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्णपणे वेगळी आणि ऐच्छिक आहे. तिच्यात अपात्र ठरलं तरी वर्ग अडत नाही, आणि पात्र ठरलं म्हणून वार्षिक परीक्षेतून सूटही नाही. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा बोर्डाचीही नव्हे. ती आपल्याच शाळेत होते, आपलेच शिक्षक पेपर तपासतात. तिच्या धाकाने ‘पाचवी बोर्ड स्पेशल बॅच’ची जाहिरात दिसली तर सरळ पुढे चला.

राहिला प्रश्न नापास झाल्यास काय होतं याचा. मुलगा किंवा मुलगी लगेच मागे ठेवली जात नाही. शाळेने जादा मार्गदर्शन करायचं आणि वार्षिक निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची, अशी तरतूद आहे. तीही पार झाली नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसावं लागतं. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत या कारणावरून कुठल्याही मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असं कुणी सुचवलं तर कलम १६ कडे बोट दाखवा आणि उत्तर लेखी मागा.

पुष्कळ शाळांचा निकाल १ मेच्या सुमारास लागतो आणि दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं गावी गेलेली असतात. इथेच पुनर्परीक्षा हुकते. निकालाला स्वतः जा, कुठल्या विषयात किती गुण कमी पडले ते लिहून घ्या, पुनर्परीक्षेची तारीख आणि जादा वर्गाच्या वेळा विचारा, आणि मगच गाडीची तिकिटं काढा. मे महिन्यात पूर्ण पुस्तक उरकायच्या मागे लागू नका. कमी पडलेले गुण पाच-सात असतील, तर पेपरातले दोन-तीन घटक पक्के झाले तरी पुरतं; शिक्षकांना विचारून तेवढेच निवडा आणि रोज चाळीस-पन्नास मिनिटं, सुट्टी न घेता, तेवढंच करा.

आजारपणामुळे वार्षिक परीक्षा बुडत असेल तर त्याच दिवशी शाळेला लेखी कळवा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा, फोनवर सांगून भागवू नका. दिव्यांग मुलांना आणि अध्ययन अक्षमता असलेल्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र शाळेकडे परीक्षेआधी पोहोचलेलं असावं लागतं. शासकीय रुग्णालयातून ते मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज दिवाळीच्या सुट्टीतच करा.